बुऱ्हाणपूरची सुभेदारी : तापीकाठच्या एका पदाची वाटचाल

मुलताईला उगम पावलेली तापी मेळघाटाच्या डोंगरांशेजारून पश्चिमेकडे येते आणि बुऱ्हाणपूर जिल्ह्यात शिरते. खकनार तालुक्यातले तुकईथड याच टापूत आहे. कोरकू, मराठी, निमाडी आणि हिंदी बोलणारी माणसे येथे पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत आली. उत्तरेला सातपुड्याची मुख्य रांग, दक्षिणेला गाविलगडचे डोंगर आणि मधून तापीचे खोरे, अशी या मुलखाची ठेवण आहे. हिंदुस्थानातून दख्खनेत उतरणारा मोठा रस्ता नर्मदा ओलांडून अशीरगडाच्या पायथ्याशी येतो आणि तेथून तापीच्या उतारावर पोचतो. ज्याच्या हाती अशीरगड, त्याच्या हाती दख्खनचा दरवाजा, ही गोष्ट दिल्लीच्या तख्ताला फार लवकर उमगली. या दरवाजावर कारभारी बसवण्याची जी प्रथा पडली तीच पुढे बुऱ्हाणपूरची सुभेदारी म्हणून नावारूपाला आली. चारशे वर्षे तिने या खोऱ्याचा कारभार पाहिला.

या पदाचे मूळ तापीकाठापासून फार दूर सापडते. ८३३ मध्ये बगदादच्या गादीवर आलेल्या खलिफा मुतसिमने मध्य आशियातून आणलेल्या तुर्क घोडेस्वारांची फौज उभारली आणि तिच्यासाठी सामर्रा हे नवे शहर वसवले. या तुर्क सरदारांकडे हळूहळू प्रांत सोपवले जाऊ लागले. अहमद इब्न तुलून ८६८ मध्ये इजिप्तचा कारभारी म्हणून गेला आणि अल्पावधीत जवळजवळ स्वतंत्र झाला. सामानी राजांचा सेनापती अल्पतगीन याने गझनीत जम बसवला. त्याचाच गुलाम आणि जावई सबुक्तगीन ९७७ मध्ये तेथला सत्ताधीश झाला. सबुक्तगीनचा मुलगा महमूद पुढे हिंदुस्थानावर चालून आला. प्रांताचा वसूल लावून द्यायचा, त्याच्या बदल्यात ठरलेली फौज बाळगायची आणि हुकूम येताच ती घेऊन हजर व्हायचे, या व्यवस्थेला इक्ता म्हणत. सेल्जुक तुर्कांचा प्रसिद्ध वजीर निजाम-उल-मुल्क याने अकराव्या शतकात आपल्या राजनीतीच्या ग्रंथात इक्तादाराला मर्यादा घालून दिली : त्याचा हक्क ठरलेल्या वसुलापुरता, रयतेच्या जिवावर, मालमत्तेवर आणि बायकामुलांवर त्याची सत्ता चालत नाही. ही मर्यादा पुष्कळदा मोडली गेली. तरीही कारभार कशाच्या मापाने तोलायचा हे त्यामुळे लिखित राहिले, आणि त्याचे मोल मोठे आहे.

दिल्लीत १२०६ नंतर तुर्क सुलतानांनी हीच व्यवस्था रुजवली. अलाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये एलिचपुरावरून देवगिरीवर आला तेव्हा तो सुलतान नव्हता, कडा प्रांताचा कारभारी होता. प्रांताच्या कारभाऱ्याने परस्पर मोहीम काढावी, लूट मिळवावी आणि तिच्या बळावर तख्त घ्यावे, हा या पदाचा जुनाच धोका होता. दख्खनेला त्याची पहिली ओळख यादवांच्या राजधानीत झाली.

तापीच्या खोऱ्यात हे पद रोवले गेले ते तुघलकांच्या काळात. १३७० मध्ये सुलतान फिरोजशहाने मलिक राजा याला थाळनेर आणि करवंद यांचा मुलूख दिला. इतिहासकार फरिश्ता याने दिलेली हकिकत अशी की, शिकारीत सोबत्यांपासून दुरावलेल्या भुकेल्या सुलतानाला या साध्या स्वाराने आपल्या शिदोरीतले खायला दिले आणि त्यातून त्याचे नशीब उघडले. मलिक राजाचे घराणे स्वतःला खलिफा उमर फारूक यांचे वंशज म्हणवून घेई. म्हणून ते फारूकी. वंशाने ते तुर्क नव्हते, परंतु त्यांना मिळालेले पद, त्याचे कर्तव्य आणि त्याची रीत तुर्की सल्तनतीची होती. १३८२ मध्ये मलिक राजाने दिल्लीचे बंधन झुगारले. नेमलेला कारभारी राजा झाला. इजिप्त आणि गझनी येथे जे घडले तेच थाळनेरला घडले.

मलिक राजा १३९९ मध्ये वारला. त्याचा मुलगा नासिर खान याने आसा अहिराकडून अशीरगड मिळवला. पालख्यांत स्त्रियांऐवजी शिपाई बसवून किल्ल्यात शिरकाव केल्याची कथा फरिश्त्यानेच नोंदवली आहे. पाठोपाठ तापीच्या उत्तर काठावर नवे शहर वसले. खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला देण्यात आले, तर पलीकडच्या काठावरच्या वस्तीला त्यांच्याच परंपरेतील जैनुद्दीन यांच्यावरून जैनाबाद म्हणू लागले. दख्खनचा दरवाजा सांभाळणाऱ्या शहराला गोरगरिबांत राहिलेल्या फकिराचे नाव मिळाले, याचा अभिमान बुऱ्हाणपूरकर आजही बाळगतात.

फारूकींची दोनशे वर्षे सोपी गेली नाहीत. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला माळवा, खाली बहमनी आणि नंतर अहमदनगर. अशा जबर शेजाऱ्यांत लहान राज्याने मान राखून टिकायचे होते. गादीवर कोण बसणार हे कधी कधी अहमदाबादेत ठरत असे. दुसऱ्या आदिल खानाने (१४५७–१५०१) मात्र राज्याला बळ दिले. १५६२ मध्ये अकबराचा माळव्यातला सरदार पीर मुहम्मद खान नर्मदा ओलांडून आला आणि त्याने बुऱ्हाणपूर निर्दयपणे लुटले. परतताना तो नर्मदेतच बुडून मेला. शहर पुन्हा उभे राहिले. १५७६ मध्ये गादीवर आलेल्या राजा अली खानाने ते नुसते सावरले नाही, त्याला शोभा आणली. त्याने बांधलेल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरला आहे. फारूकी राजांची वंशावळ आणि हिजरी सनासोबत संवत १६४६, शके १५११ असा काळ त्यात नागरी लिपीत आढळतो. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत कोरवून घेणारा राजा, ते रचणारा पंडित आणि ते कोरणारा पाथरवट या तिघांनी मिळून या संस्थेचे चारित्र्य घडवले असे मानणे योग्य ठरेल. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या आष्टीच्या लढाईत राजा अली खान मोगलांच्या बाजूने लढताना पडला. मोगल फौजेचा मुख्य होता खानखानान अब्दुर्रहीम, आणि बुऱ्हाणपूरच्या पुढच्या तीस वर्षांवर त्याचाच ठसा उमटायचा होता.

राजा अली खानाचा मुलगा बहादूर खान याला वडिलांचे धोरण साधले नाही. अकबर स्वतः चालून आला. ३१ मार्च १६०० रोजी तो बुऱ्हाणपुरात दाखल झाला. अशीरगड मात्र महिनोन् महिने झुंजला. किल्ल्यात रोगराई पसरली, माणसे पटापट मेली आणि १७ जानेवारी १६०१ रोजी गड मोगलांच्या हाती गेला. मीर मुहम्मद मासूम भक्करी याने या विजयाची नोंद दगडात कोरवली. ती राजा अली खानाच्या मशिदीत संस्कृत लेखासोबत नांदते आहे. खानदेशाचा सुभा झाला. शाहजादा दानियाल त्याच्यावर नेमला गेला आणि काही काळ प्रांताचे नावही ‘दानदेश’ झाले. ऐन-ए-अकबरीत या सुभ्याचे ३२ परगणे दिले आहेत.

येथून सुभेदारी हे पद आपल्या पूर्ण रूपात दिसते. सुभेदाराकडे फौज, बंदोबस्त आणि न्याय. वसुलाचा हिशेब दिवाणाकडे, आणि दिवाण सुभेदाराचा ताबेदार नव्हता. तो थेट बादशाही दिवाणाला जबाबदार असे. बक्षी फौजेची हजेरी घेई, काझी निवाडे करी, शहराची शिस्त कोतवालाकडे आणि वाकेनवीस सगळ्यांच्या बातम्या दरबारी कळवी. कारभाऱ्याने राजा होऊ नये यासाठी सातशे वर्षांच्या अनुभवातून आलेली ही रचना होती. तलवार एकाच्या हाती, थैली दुसऱ्याच्या हाती. शिवाय दर काही वर्षांनी बदली.

तरीही आरंभ शोकाचा झाला. दानियाल १६०५ मध्ये बुऱ्हाणपुरातच अतिमद्यपानाने मेला. सुभ्याचा भार खऱ्या अर्थाने अब्दुर्रहीमवर आला. तो बैरामखानाचा मुलगा; घराणे काराकोयुनलू तुर्कमानांच्या बहारलू शाखेचे, म्हणजे ज्या तुर्कमान समूहातून गोवळकोंड्याचे कुतुबशाहीही आले त्याच समूहाचे. १५५६ मध्ये लाहोरला जन्मलेल्या या मुलाचे वडील तो चार वर्षांचा असताना गुजरातेत पाटण येथे मारले गेले आणि अकबराने त्याला दरबारात वाढवले. बाबराने चगताई तुर्कीत लिहिलेले आत्मचरित्र त्याने फारसीत आणले आणि १५८९ मध्ये अकबराला सादर केले. लोकभाषेत त्याने रचलेले दोहे ‘रहीम’ या नावाने उत्तर हिंदुस्थानातल्या घराघरांत पोचले. तुर्की सेनानी, फारसी अनुवादक आणि देशी कवी या तिन्ही भूमिका एकाच माणसात एकवटल्या होत्या, आणि त्या माणसाची उमेदीची व उतारवयाची बरीच वर्षे बुऱ्हाणपुरात गेली.

त्याच्या पदरी कवी, चित्रकार आणि ग्रंथलेखक होते. अब्दुल बाकी नहावंदी याने त्याच्या आश्रयाने १६१६ मध्ये ‘मआसिर-ए-रहीमी’ हा मोठा ग्रंथ पुरा केला. त्या काळाची माहिती शोधणाऱ्याला तो टाळता येत नाही. शहरात प्रवाशांसाठी अकबरी सराई झाली, हमामखाना झाला. सिंधच्या ठठ्ठ्याकडून विणकर आणून त्याने येथे वसवले, असे मोमीन विणकरांची परंपरा सांगते. १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडचा वकील सर थॉमस रो बुऱ्हाणपुरात आला. त्याच्या नोंदींत शहराची स्तुती थोडी आहे. दख्खनवर नेमलेला शाहजादा परवेझ, खानखानान आणि काही मोजक्यांची घरे सोडली तर बाकी मातीची घरे त्याला दिसली. त्याच्या नजरेने टिपलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : मान शाहजाद्याचा, कारभार मात्र खानखानानचा.

रोने ज्याचा उल्लेख केला नाही असे एक काम त्याच वर्षी जमिनीखाली चालू होते. सातपुड्याच्या उतारावर पडलेले पावसाचे पाणी खडकांच्या थरांतून झिरपत तापीकडे येते. तबकातुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने हे पाणी वाटेतच अडवण्याची योजना आखली. डोंगराच्या पायथ्यापासून शहराकडे उतरत जाणारे भुयार खोदायचे, त्यावर ठरावीक अंतराने उभ्या कुंड्या घ्यायच्या आणि पाणी निव्वळ उताराने वाहत न्यायचे. या कुंड्यांतून हवा आणि उजेड आत जातो, गाळ काढायला माणूस उतरू शकतो, आणि हवेचा दाब राहिल्याने प्रवाह खेळता राहतो. मूळ भंडारा, सुखा भंडारा आणि चिंताहरण येथले पाणी खुनी भंडाऱ्यात, म्हणजे आजच्या कुंडी भंडाऱ्यात, येई आणि पुढे शहरातल्या जाली करंजापर्यंत पोचे. कुंडी भंडाऱ्याच्या ओळीत शंभराहून अधिक कुंड्या आहेत. आत उतरण्याच्या ठिकाणची खोली सुमारे ८० फूट. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. फौजेच्या छावणीला पाणी हवे, हा हेतू त्यामागे असणारच. पण छावण्या उठून गेल्या आणि पाणी शहराला राहिले. सुभेदाराच्या नावाबरोबर ज्यांनी अंधारात बसून तो खडक फोडला त्या बेलदारांचे ऋण मानले पाहिजे. त्यांची नावे कोणत्याही तवारिखेत आलेली नाहीत.

रणांगणावर मात्र याच वर्षांत सुभेदारीची कसोटी लागली. अहमदनगरच्या निजामशाहीचा सेनानी मलिक अंबर आणि त्याचे मराठा बारगीर यांनी मोगलांच्या अवजड फौजेला दख्खनेत स्वस्थ बसू दिले नाही. अपयशामुळे १६१० मध्ये खानखानानला माघारी बोलावले गेले. दोन वर्षांनी त्यालाच परत पाठवावे लागले, कारण या मुलखाची नाडी जाणणारा दुसरा कोणी नव्हता. १६१६ मध्ये त्याचा मुलगा शाहनवाज खान याने अंबरचा पराभव करून त्याचे ठाणे खडकी उद्ध्वस्त केले. तीन वर्षांनी हा कर्ता मुलगा मेला. उतावळी नदीच्या काठी काळ्या दगडातली त्याची कबर आजही पाहणाऱ्याला थबकवते. १६२० मध्ये अंबरने थेट बुऱ्हाणपूरलाच वेढा दिला. म्हातारा खानखानान आत कोंडला गेला होता. शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, आला तेव्हा वेढा उठला. पुढे जहांगीर बादशहा आणि खुर्रम या बापलेकांच्या भांडणात खानखानान भरडला गेला, दुसरा मुलगा दाराब खान मारला गेला आणि १६२७ मध्ये त्याने दिल्लीत डोळे मिटले.

मग आला १६३० चा दुष्काळ. गुजरात, खानदेश आणि दख्खन होरपळून निघाले. गावे ओस पडली. त्याच वेळी शहाजहान स्वारीसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता, म्हणजे उपाशी मुलखावर बादशाही फौजेचा भारही होता. हे नाकारता येत नाही. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीच्या नोंदीनुसार बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे लंगर उघडले गेले; बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे २० सोमवारी एक लाख रुपये वाटले गेले, आणि खालशाच्या वसुलात मोठी सूट देण्यात आली. संकटाच्या मानाने मदत तोकडी होती. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल येथेच बाळंतपणात वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्याजवळ तिचे पहिले दफन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देह आग्र्याला नेण्यात आला.

१६३६ मध्ये औरंगजेब दख्खनच्या चार सुभ्यांवर आला. खानदेश त्यांतला एक होता. दख्खनचा मुख्य कारभार पुढे औरंगाबादेला गेला तरी बुऱ्हाणपूरची पेठ मंदावली नाही. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए याने येथले तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड आणि रशियापर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. ज्या तुर्की-इराणी जगातून सुभेदारीची कल्पना आली, त्याच जगाला बुऱ्हाणपूरचे विणकर कापड पुरवत होते.

३० जानेवारी १६८१ रोजी हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज बुऱ्हाणपूरलगतच्या बहादूरपुऱ्यावर येऊन धडकली. सुभेदार खानजहान बहादूर शहरात नव्हता. त्याचा नायब काकरखान शहराची दारे लावून आत बसला आणि तीन दिवस सतरा पुरे लुटले गेले. संभाजी महाराजांच्या राज्यारोहणाच्या सुमारास दिलेला हा तडाखा मोगल कारभाराच्या वर्मी बसला. इतिहासकार खाफीखान सांगतो की, शहरातल्या प्रतिष्ठितांनी आणि उलेमांनी बादशहाकडे अर्ज केला : रक्षण होत नसेल तर जुम्याची नमाज बंद ठेवू. रयतेने सुभेदारीला तिच्या पहिल्या कर्तव्याची जाणीव इतक्या उघडपणे करून द्यावी, हा या इतिहासातला फार महत्त्वाचा प्रसंग आहे. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात आला. दख्खनेतून तो पुन्हा उत्तरेकडे परतला नाही.

मार्च १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन निघाले. त्या सहांत खानदेशही होता. पुढच्याच वर्षी तुराणी सरदारांचा अग्रणी मीर कमरुद्दीन, चिन किलिच खान, निजाम-उल-मुल्क, नर्मदा ओलांडून आला. समरकंदकडून हिंदुस्थानात आलेल्या घराण्याचा हा वंशज. अशीरगड आणि बुऱ्हाणपूर त्याला न लढता मिळाले. जूनमध्ये त्याने खांडव्याच्या बाजूला दिलावर अली खानाला आणि ऑगस्टमध्ये बाळापूरला आलम अली खानाला हरवले. नेमलेला कारभारी पुन्हा एकदा राजा होण्याच्या वाटेवर होता. दिवाण, वाकेनवीस, बदल्या, कशानेही ते थांबले नाही. दिल्ली दुबळी झाली तेव्हा रचनाही ढासळली. १७३१ मध्ये निजामाने बुऱ्हाणपूरला नऊ दरवाजांचा विटांचा तट बांधला. अर्जदारांनी मागितलेले संरक्षण पन्नास वर्षांनी मिळाले. १७४८ मध्ये निजाम बुऱ्हाणपुरातच वारला. मृत्यूपूर्वी वारसांना दिलेल्या उपदेशात मराठ्यांशी शक्यतो सलोखा राखण्याचा सल्ला त्याने दिला. त्याचे दफन खुलदाबादला, बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात झाले.

१७६० मध्ये उदगीरच्या पराभवानंतर निजामाने बुऱ्हाणपूर आणि अशीरगड पेशव्यांना दिले. १७७८ मध्ये ते शिंद्यांकडे गेले. कमाविसदार आले, मोडी दप्तर आले, मात्र परगण्यांची नावे आणि वसुलाच्या जुन्या रिती बऱ्याच अंशी टिकून राहिल्या. १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने शहर आणि गड घेतला, तहाने परत दिला. एप्रिल १८१९ मध्ये अशीरगड कायमचा इंग्रजांकडे गेला. बुऱ्हाणपूर १८६० मध्ये त्यांच्या ताब्यात आले. निमाड जिल्ह्याचे ठाणे खांडव्याला झाले आणि कित्येक शतके राजधानी व सुभ्याचे ठिकाण असलेले शहर तहसिलीचे गाव बनले.

ही उणीव भरून निघायला १५ ऑगस्ट २००३ उजाडावे लागले. त्या दिवशी बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला आणि तुकईथड, खकनार, नेपानगरच्या माणसांचे सरकारी काम खांडव्याऐवजी पुन्हा तापीकाठी होऊ लागले. शाही किल्ला, शाहनवाज खानाची कबर आणि अशीरगड यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते. यंत्रमाग विणकरांच्या मोहल्ल्यांत चालू आहेत. मार्च २०२४ मध्ये खुनी भंडाऱ्याचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. मूळ आठ भंडाऱ्यांपैकी काही नष्ट झाले आहेत. जे उरले त्यांच्या पाणलोटात विहिरी आणि कूपनलिका वाढल्याने भूजलावरचा ताण वाढतो आहे. कुंडी भंडाऱ्यातून मात्र आजही पाणी वाहते, आणि परिसरातली कुटुंबे ते भरून नेतात.